एक्स्टेन्शन दिसत नाही? थांबा, आधी काही पुसू नका

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी स्वतः हे सगळं निवृत्तीनंतर शिकलो. फौजेत मी सिग्नल्समध्ये होतो, त्यामुळे तारा, वायरलेस आणि त्यांची दुखणी माहीत होती. डेटा साफ करणं मात्र बेंगळुरूला स्थायिक झाल्यावर शिकलो, आणि तेही एका मराठी ग्रंथालयामुळे.

इथल्या एका मंडळाचं छोटं ग्रंथालय आहे. पुस्तकांची यादी तीन वेगवेगळ्या माणसांनी, तीन वेगवेगळ्या काळात टाइप केलेली. त्यामुळे एकच लेखक कुठे 'पु. ल. देशपांडे', कुठे 'देशपांडे पु. ल.', तर कुठे मध्ये जागा न सोडता 'पु.ल.देशपांडे'. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसं! ही यादी निस्तरायला आम्ही ओपनरिफाइन वापरायला घेतलं.

ओपनरिफाइन हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. २०१० साली मेटावेब नावाच्या कंपनीने ते 'फ्रीबेस ग्रिडवर्क्स' या नावाने काढलं. त्याच वर्षी गूगलने ती कंपनी घेतली आणि त्याचं 'गूगल रिफाइन' झालं. २०१२ मध्ये गूगलने हात काढून घेतला, तेव्हापासून ते 'ओपनरिफाइन' या नावाने स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. त्यातली 'क्लस्टर' ही सोय सारखी दिसणारी नावं एकत्र आणून दाखवते. 'फिंगरप्रिंट' पद्धत विरामचिन्हं काढते आणि शब्द क्रमाने लावते, म्हणून 'पु. ल. देशपांडे' आणि 'देशपांडे पु. ल.' एकत्र येतात. जागा न सोडलेलं तिसरं रूप मात्र तिला सापडत नाही. त्यासाठी 'एन-ग्राम फिंगरप्रिंट' लावावी लागते, कारण ती शब्दांमधली जागाही काढून टाकते. एकत्र करायचं की नाही, हे शेवटी आपणच ठरवायचं.

आमच्या ग्रंथपाल वहिनींनी तीन महिने रोज दोन तास बसून ही यादी सुधारली. मग पुढचा प्रश्न आला. काही पुस्तकं इतकी जुनी आहेत, की पान उलटताना कोपरा हातात येतो. स्कॅन करायला ती पूर्ण उघडली, तर शिवण सुटणार. पण हक्कमुक्त झालेल्या बऱ्याच मराठी पुस्तकांचे स्कॅन विकिमीडिया कॉमन्सवर आधीच आहेत. (आपल्या बेंगळुरूतच २००८ पासून असलेली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी ही संस्था मराठीसह भारतीय भाषांतल्या विकी स्वयंसेवकांबरोबर काम करत आली आहे.) तिथली यादी आमच्या यादीशी ताडून पाहिली, तर कोणत्या पुस्तकाला हात लावायची गरजच नाही हे कळलं असतं.

कॉमन्सवरच्या एखाद्या वर्गातली फाइलींची यादी थेट ओपनरिफाइनमध्ये आणणारं एक एक्स्टेन्शन आहे. एक्स्टेन्शन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला लावायची जोडणी. वहिनींनी ते उतरवलं, फोल्डरमध्ये टाकलं, आणि ते काही दिसेना. ओळखीच्या एका मुलाने फोनवर सल्ला दिला, "सगळं काढून टाका आणि नव्याने टाका." वहिनींनी ओपनरिफाइन नावाचं मिळेल ते फोल्डर निवडलं आणि पुसण्याआधी सहज मला विचारलं, "कर्नलसाहेब, हे टाकू ना काढून?"

त्या फोल्डरमध्ये तीन महिन्यांचं काम होतं.

मंडळी, आजच्या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ओपनरिफाइनची फोल्डरं दोन असतात. एक प्रोग्रामचं, जे आपण उतरवून उघडलेलं असतं. ते पुसलं तरी परत मिळतं. दुसरं 'वर्कस्पेस'. त्यात तुमचे सगळे प्रोजेक्ट असतात, लांबलचक आकडा आणि शेवटी 'प्रोजेक्ट' अशा नावाच्या फोल्डरांत. ते इंटरनेटवर कुठेही साठवलेलं नसतं. ओपनरिफाइन ब्राउझरमध्ये दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की काम 'वर' कुठेतरी आहे. तसं नाही. ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि तिथेच राहतं. वर्कस्पेस गेलं, की काम गेलं.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रोजेक्ट उघडा, 'एक्सपोर्ट'मध्ये जा आणि प्रोजेक्टचं आर्काइव्ह काढून पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात केलेल्या बदलांचा इतिहासही येतो. आता निवांत शोध घेऊ.

सिग्नल्समध्ये लाइन बंद पडली, की आम्ही अख्खी केबल उपटत नसू. एका टोकापासून निघायचं, एक जोड तपासायचा, मग पुढचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथेही तसंच करायचं.

पहिला जोड: खरंच बंद करून सुरू केलं का? ब्राउझरची टॅब बंद करणं म्हणजे ओपनरिफाइन बंद करणं नव्हे. विंडोजवर मागे एक काळी खिडकी चालू असते, खरा प्रोग्राम तिथे असतो. त्या खिडकीत जाऊन कंट्रोल आणि सी दाबा आणि ते नीट बंद होईपर्यंत थांबा. फुलीवर क्लिक करून मारू नका. काम दर पाच मिनिटांनी आपोआप साठवलं जातं, त्यामुळे शेवटचे काही बदल हुकू शकतात. एक्स्टेन्शन फक्त सुरू होतानाच वाचलं जातं, म्हणून हा जोड आधी.

दुसरा जोड: योग्य फाइल उतरवली का? गिटहबवर एक्स्टेन्शनच्या पानावर दोन प्रकारच्या झिप असतात. एक लेखकाने वापरायला तयार करून ठेवलेली, दुसरी 'सोर्स कोड' नावाची. सोर्स कोड म्हणजे कच्चा माल, पिठाऐवजी गहू. तो दळल्याशिवाय चालत नाही. आपल्याला तयार झिप हवी.

तिसरा जोड: जागा बरोबर आहे का? ओपनरिफाइनच्या पहिल्या पानावर 'ओपन प्रोजेक्ट'मध्ये खाली वर्कस्पेस उघडण्याची लिंक असते. तीच वापरा, कारण विंडोजवर हे फोल्डर लपलेलं असतं. त्यात 'एक्स्टेन्शन्स' नावाचं फोल्डर करा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, आणि शेवटी अनेकवचनाचा एस विसरू नका. प्रोग्रामच्या फोल्डरमध्येही एक्स्टेन्शन टाकता येतं, पण नवी आवृत्ती घेतली की ते मागे राहतं. आणि दोन्हीकडे टाकू नका, गोंधळ होतो.

चौथा जोड: खोली बरोबर आहे का? बहुतेकांची गाडी इथेच अडते. एक्स्टेन्शनचं फोल्डर उघडलं, की लगेच 'मॉड्यूल' नावाचं फोल्डर दिसलं पाहिजे, आणि त्याच्या आत 'मॉड-इन्फ'. ओपनरिफाइन तिथेच बघतं. पण झिप उघडताना विंडोज बरेचदा एका फोल्डरात त्याच नावाचं दुसरं फोल्डर करतं. पाकिटात पाकीट! मग ओपनरिफाइनला आतलं पत्र दिसत नाही. आतलं फोल्डर उचलून एक पायरी वर आणा.

पाचवा जोड: आवृत्ती जुळते का? प्रत्येक एक्स्टेन्शनच्या पानावर ते ओपनरिफाइनच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतं ते बहुधा लिहिलेलं असतं. जुनं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर अडखळू शकतं. अशा वेळी काळ्या खिडकीतला मजकूर वाचा. सगळं समजायची गरज नाही, फक्त एक्स्टेन्शनचं नाव आणि जवळपास 'एरर' शब्द शोधा. शंका असेल तर एक्स्टेन्शनचं फोल्डर तात्पुरतं डेस्कटॉपवर हलवा आणि पुन्हा सुरू करा. सगळं सुरळीत चाललं, तर दोषी सापडला. लक्षात घ्या, हलवा म्हणतोय, पुसा नाही.

सहावा जोड: तुम्ही योग्य ठिकाणी बघताय का? काही एक्स्टेन्शनांचं बटण प्रोजेक्ट उघडल्यावर वर उजवीकडे येतं. कॉमन्सचं मात्र नवा प्रोजेक्ट तयार करण्याच्या पानावर, डावीकडच्या पर्यायांत दिसतं. प्रोजेक्टच्या आत शोधत बसलात, तर सापडणार नाही.

वहिनींकडे काय निघालं? चौथा आणि पहिला, दोन्ही. पाकिटात पाकीट होतं, आणि काळी खिडकी सकाळपासून तशीच चालू होती. पंधरा मिनिटांचं काम. पर्याय दिसला, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "आणि मी सगळं पुसणार होते हो."

यादी ताडून झाली. काही जुनी पुस्तकं कॉमन्सवर आधीच निघाली. ती आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहेत, कुणी उघडत नाही. उरलेल्यांचं स्कॅनिंग हळूहळू चालू आहे.

तर मंडळी, जोडणी दिसली नाही, तर आधी प्रत काढा, मग एकेक जोड तपासा, आणि वर्कस्पेसला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. तुमच्या गावच्या ग्रंथालयाची अशी एखादी यादी पडून असेल, तर हा भाग तिथल्या मंडळींना जरूर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.