हिशेबाबाहेरचा कडुनिंब

अर्जुनी मोरगावच्या वैशाखाची कल्पना पुण्या-मुंबईच्या वाचकांना कशी द्यावी? दुपारी चारला पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. गेल्या वर्षी आईसाठी खोली काढायची ती नेमकी त्याच बाजूला. तिथे जुना कडुनिंब. मुळ्या पायात शिरतील म्हणून गवंडी तो तोडायला निघाला.

भाचा इंजिनिअर. त्याने संगणकावर खोलीच्या उष्णतेचा हिशेब मांडला. झाड ठेवा की तोडा, उत्तर एकच! "मामा, झाड यात धरलेलंच नाही," तो ओशाळून म्हणाला. घरांसाठीच्या २०१८ सालच्या 'इको निवास संहिते'तही खिडकीच्या सावलीचा गुणक छज्जा आणि बाजूच्या उभ्या पट्ट्या यांवरून काढतात. पण कलता सूर्य छज्ज्याखालून सरळ आत येतो, त्याचे काय?

मग त्याने 'एनर्जीप्लस' ही आज्ञावली घेतली. तीत झाडाच्या जागी पडदा कल्पून त्यातून कोणत्या ऋतूत किती ऊन झिरपेल, हे सांगता येते. पाने गळतात केव्हा? हे मात्र आईलाच ठाऊक! फाल्गुनात अंगण झाडून कंबर मोडते, चैत्रात पालवी, वैशाखात गर्द सावली. (दोडक्याचा वेल पावसाळ्यातला, तो बाद.) पानांतून पाणी उडून येणारा गारवा या पडद्यात येत नाही, तरीही आकडा चांगलाच उतरला.

पाया चार हात अलीकडे घेतला. खोली अरुंद झाली म्हणून आई अजून कुरकुरते. दुपारी मात्र तिथेच निजते.