कार्बनाची भर आणि अतिवाहकता
ठरावीक तापमानाखाली पदार्थाचा विद्युतरोध पूर्ण नाहीसा होणे, ही अतिवाहकता, एखादे मूलद्रव्य घालून वा बदलून घडवता येते, याचे अभिमानास्पद उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आहे. तेथे आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी यट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या मिश्रधातूत कार्बन मिसळला, तेव्हा चुंबकीय स्वभावामुळे अतिवाहकतेला प्रतिकूल समजला जाणारा निकेल असूनही सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअसला, ती प्रकटली; १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधातून बोरोकार्बाइडांचे कुल पुढे आले, ज्यात यट्रियम-कार्बनाचे आणि निकेल-बोरॉनचे थर आलटूनपालटून रचलेले असतात. मूलद्रव्य बदलण्याचे उदाहरण जपानमधले आहे: तेथे २००८ साली हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह व आर्सेनिकयुक्त थरांच्या लँथनम संयुगात काही ऑक्सिजन अणूंच्या जागी फ्लोरिन बसवून २६ केल्विनला अतिवाहकता मिळवली.