कॅराव्हॅन घ्यायची, तर आधी मोटारीची पाटी वाचा

आजचा विषय इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या खिशाशी जितका जोडलेला आहे, तितकाच जिवाशीही. वापरलेली कॅराव्हॅन घ्यायची, तर ती आपल्या मोटारीला सुरक्षितपणे ओढता येईल की नाही, हे कसं ठरवायचं?

आम्ही पहिल्यांदा कॅराव्हॅन बघायला गेलो तेव्हा काय पाहिलं? मुलांसाठी बंक आहेत का, ओट्यावर कुकर ठेवायला जागा आहे का, गाद्या स्वच्छ आहेत का. वजन विचारलं, विकणाऱ्याने एक आकडा सांगितला, आम्ही मान डोलावली. तो आकडा रिकाम्या कॅराव्हॅनचा होता. पहिल्याच सहलीत मोटरवेवर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि मागची कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झुलायला लागली. तिच्या ओढीने मोटारही हलायला लागली. मागच्या सीटवर मुलं बसली होती. निभावलं, पण सुरुवातच चुकली होती हे त्या दिवशी कळलं. कॅराव्हॅनचा शोध आपल्या मोटारीपासून सुरू करायचा असतो.

मोटार किती ओढू शकते?

मोटारीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक छोटी पाटी असते, व्हीआयएन प्लेट. तिच्यावर साधारण चार वजनं असतात. पहिलं, माणसं आणि सामान धरून मोटारीचं कमाल वजन. दुसरं, मोटार आणि मागचं वाहन मिळून कमाल वजन. खालची दोन पुढच्या-मागच्या आसांची. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ओढायची मर्यादा साधारण कळते. आमच्या मोटारीचं बघा: ३,४५० वजा २,०५०, म्हणजे १,४०० किलो. हँडबुक आणि मोटारीचा व्ही५सी कागदही ताडून बघा. फरक दिसला तर लहान आकडा धरा. एकत्रित वजन पाटीवर किंवा हँडबुकात दिलेलंच नसेल, तर त्या मोटारीने काही ओढू नये. विजेची मोटार असेल तर हे आवर्जून बघा, कारण बऱ्याच मॉडेल्सना ओढायची मंजुरीच नसते.

हे झालं कायद्याचं. शहाणपणाची मर्यादा याच्या खाली असते. इथल्या कॅराव्हॅन क्लबांचा नवशिक्यांना सल्ला असा, की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. कर्ब वेट म्हणजे इंधनासह, पण प्रवासी आणि सामान नसलेल्या मोटारीचं वजन. आमच्या मोटारीचं ते १,५०० किलो. त्याचे ८५ टक्के १,२७५. आम्ही घेतलेल्या कॅराव्हॅनचं कमाल वजन होतं १,३५०. म्हणजे कायद्यात बसत होतं, पण प्रमाण ९० टक्के झालं होतं. मागचं जितकं जड, तितकं ते झुलायला लागल्यावर पुढच्याला आवरणं कठीण.

रिकामी किती, भरलेली किती?

कॅराव्हॅनचेही दोन आकडे असतात. कारखान्यातून निघतानाचं वजन, म्हणजे मिरो. आणि भरून जास्तीत जास्त किती, ते एमटीपीएलएम. हिशोब नेहमी दुसऱ्याचा करायचा. दोन्हींमधला फरक म्हणजे तुम्हाला सामान भरायला मिळालेली मुभा. आमच्याकडे १,२०० आणि १,३५०, म्हणजे फक्त १५० किलो. आधीच्या मालकाने नंतर मूव्हर बसवला असेल, तर तो एकटाच तीसेक किलो किंवा जास्त खातो. मग तंबूसारखं ऑनिंग, त्याचे दांडे, पाणी लिटरला एक किलो. शेवटी चौघांची अंथरुणं, कपडे, तांदूळ-पिठाच्या पिशव्या. दीडशे किलो कधी संपले ते कळतही नाही! म्हणून मालकाला विचारा, मागाहून काय काय बसवलंय? आणि प्रवासाला निघायच्या आधी एकदा भरलेली कॅराव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन खात्री करून घ्या.

वजन कुठे ठेवता, यालाही तितकंच महत्त्व आहे. गावाकडे बैलगाडी भरताना पाहिलं असेल. ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर भार येतो. इथेही तेच. भरलेल्या वजनाचा ५ ते ७ टक्के भार टो-बॉलवर यावा. १,२७५ किलोला तो साधारण ६४ ते ८९ किलो होतो. पण मोटारीची किंवा टो-बारची मर्यादा ७५ असेल, तर ७५च्या आतच राहायचं. जड वस्तू खाली, आसाजवळ.

जुनी कॅराव्हॅन तपासताना

कॅराव्हॅनला मोटारीसारखी एमओटी तपासणी लागत नाही. त्यामुळे सर्व्हिसचे कागद हाच पुरावा. सगळ्यात मोठा शत्रू ओल. कपाटं उघडून कोपरे आणि खिडक्यांच्या कडा हाताने दाबून बघा, कुबट वास येतो का बघा, जमीन पायाखाली मऊ लागते का बघा. ओल मोजायचं मीटर १५ टक्क्यांच्या आत दाखवत असेल तर ठीक. २० च्या वर गेलं तर पाणी कुठून तरी शिरतंय. लख्ख नवे पडदे दिसले तर त्यांच्या मागेही बघा.

टायरला नक्षी भरपूर असली तरी फसू नका. कॅराव्हॅन उभी राहून राहून टायर वयाने जातात. बाजूवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलायचा विचार करा, सातच्या पुढे वापरू नका. चोरीचा माल नाही ना, यासाठी चॅसीवरचा क्रमांक, खिडक्यांवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. १९९२ पासूनच्या बहुतेक ब्रिटिश कॅराव्हॅनची नोंद क्रिस या यंत्रणेत असते.

रस्त्यावर

१६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनच्या साध्या कार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. पण कॅराव्हॅन जोडल्यावर वेगमर्यादा बदलते: एकेरी कॅरेजवेवर जास्तीत जास्त ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेन असलेल्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आपल्यासाठी नाही. आणि झुलायला लागलीच, तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

आम्ही ती कॅराव्हॅन पुढच्याच मोसमात विकली. आता आहे ती लहान आहे, तिच्यात बंक नाहीत, मुलांचा पलंग रोज रात्री मांडावा लागतो. तक्रार असते त्यांची! पण झोपायची गैरसोय चालते, रस्त्यावरची नाही. म्हणून विकणाऱ्याला फोन करायच्या आधी एका कागदावर तीन आकडे लिहा: मोटारीची ओढायची मर्यादा, कर्ब वेटचे ८५ टक्के आणि टो-बॉलवरचा कमाल भार. त्यात न बसणारी कॅराव्हॅन कितीही स्वस्त असली, तरी बघायलाच जाऊ नका. बघितली की मोह होतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.