गोंगाट गाळणारा माइक नेमकं काय गाळतो?

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये मोबाइल आला, जीपीएस आला, तरी सीबी रेडिओ अजून गेलेला नाही. सिटिझन्स बँड म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ४० चॅनेल. परवाना लागत नाही, एएमवर ४ वॉटची मर्यादा असते. ट्रकवाल्यांचा अड्डा १९ नंबरच्या चॅनेलवर. पुढे अपघात झालाय, रस्त्यावर बर्फ आहे, वजनकाटा चालू आहे, अशा खबरा तिथे मागच्या गाड्यांना मिळतात. खबर देणाऱ्याच्या केबिनमध्ये मात्र डिझेल इंजिन, पंखा आणि टायर यांची घरघर थांबत नाही. त्यावर उपाय म्हणून नॉइज-कॅन्सलिंग माइक घेतला जातो आणि बऱ्याचदा भलत्याच अपेक्षेने घेतला जातो.

सर्वांत मोठी अपेक्षा अशी, की हा माइक लावला की आपल्या रेडिओची खरखर जाईल. ती जाणार नाही. माइक काम करतो तो बटण दाबून आपण बोलतो तेव्हाच. स्पीकरमधली खरखर अँटेनावाटे किंवा वीजपुरवठ्यातून आलेली असते; तिच्यासाठी सेटवर नॉइज ब्लँकर आणि स्क्वेल्च दिलेले असतात. इंजिनाचा वेग वाढला की चढत जाणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची असते. तिच्यावर उपाय म्हणून आधी सेटची वायर थेट बॅटरीपासून घेऊन पाहावी. थोडक्यात, माइकचे पैसे तुमचे आणि सुख ऐकणाऱ्याचे.

दुसरा समज असा, की गोंगाट ओळखून काढून टाकणाऱ्या महागड्या हेडफोनसारखंच काहीतरी इथे चालतं. काही नव्या माइकमध्ये तशी इलेक्ट्रॉनिक करामत असतेही, पण ट्रकमध्ये वर्षानुवर्षं वापरले जाणारे रोडकिंग ५६ किंवा अ‍ॅस्टॅटिक ६३६एलसारखे माइक हे काम मुख्यतः आपल्या रचनेच्या जोरावर करतात. साध्या माइकमध्ये आवाज पडद्याच्या एकाच बाजूने आत येतो. इथे मागच्या बाजूलाही छिद्रं असतात. लांबून येणारी घरघर पडद्याच्या दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाब देते, त्यामुळे पडदा फारसा हलत नाही. तोंड मात्र पुढच्या छिद्राच्या अगदी जवळ असतं. समजा, ओठ पुढच्या छिद्रापासून १ सेंटिमीटरवर आहेत आणि मागच्या छिद्रापर्यंतचं अंतर ३ सेंटिमीटर पडतं. अंतर वाढेल तसा आवाजाचा दाब घटतो. म्हणजे पुढचा दाब मागच्याच्या साधारण तिप्पट. हा फरकच पडदा हलवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेला, वरच्या ओठावर बसवायचा टी-४५ माइकही याच तत्त्वावर चालायचा.

आता तोच माइक १५ सेंटिमीटरवर धरा. पुढचं अंतर १५, मागचं १७. दोन्ही दाब जवळपास सारखे, आणि गोंगाटाबरोबर तुमचा आवाजही गळून जातो. ‘माइक मंद आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं हेच. साधा माइक दोन-चार इंच लांब धरायची सवय इथे मोडावीच लागते. ओठ जाळीला जवळजवळ टेकवावेत आणि नेहमीच्या आवाजात बोलावं. ओरडलं की शब्द फाटतात. ‘प’ आणि ‘फ’ फुटत असतील तर माइक किंचित तिरका करावा. मागची छिद्रं बोटांनी झाकू नयेत. ती झाकली की महागडा माइक साधा होऊन बसतो.

सगळाच गोंगाट सारखा गळतो, हेही खरं नाही. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंवर तिचा दाब कोणत्याही क्षणी जवळजवळ सारखाच असतो. ३,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण ११ सेंटिमीटरच. तिथे छिद्रांमधलं थोडं अंतरही जाणवतं आणि गाळणी ढिली पडते. इंजिन दबतं, एअर ब्रेकचा फुस्स आवाज तितका दबत नाही. आणि खिडकीतून थेट माइकवर येणारा वारा? त्याने हा माइक साध्यापेक्षाही जास्त फडफडतो. काच वर करणं किंवा स्पंजची टोपी घालणं हाच इलाज.

पॉवर माइक म्हणजे हाच, असं समजून तो घेणारेही आहेत. पॉवर माइकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर असतो. तो आवाज वाढवतो आणि केबिनमधली घरघरही त्याच प्रमाणात वाढवतो. नॉब पूर्ण फिरवला तर मॉड्युलेशन १०० टक्क्यांच्या वर जातं, आवाज चिरका होतो आणि शेजारच्या चॅनेलवरही कचरा सांडतो. अमेरिकेत २०२१ मध्ये सीबीवर एफएमलाही मान्यता मिळाली, तेव्हा आता अशा माइकची गरजच उरली नाही असं वाटू शकतं. एफएममुळे हवेतली विजेची खरखर कमी होते. माइकमध्ये शिरलेला इंजिनाचा आवाज मात्र जसाच्या तसा पुढे जातो.

प्लगचा घोळ वेगळाच. चार पिनांचा प्लग बसला म्हणजे जुळला, असं नाही. एकाच आकाराच्या प्लगमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची जोडणी निरनिराळी असू शकते, आणि इलेक्ट्रेट माइकला सेटकडून थोडं व्होल्टेजही लागतं. सेटच्या पुस्तिकेतला पिनांचा नकाशा पाहूनच माइक घ्यावा.

रेंज वाढेल म्हणूनही हा माइक घेऊ नये. रेंज ठरते ती अँटेना, तिचं एसडब्ल्यूआर (ती सेटशी किती जुळली आहे त्याचं माप) आणि ती गाडीवर कुठे लावली आहे यावरून. माइकने शब्द स्पष्ट होतात, इतकंच. म्हणून आधी अँटेना नीट करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गाडीतल्या माणसाला ऐकायला सांगून, जुन्या आणि नव्या माइकवर आलटून पालटून बोलून पाहा. तुमचा आवाज कसा जातो याचा निर्णय त्याने द्यायचा आहे, दुकानदाराने नाही.