‘हिनं जपलं नाही!’

पनवेलमध्ये कुणाचं बाळ महिनाभर आधी आलं आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, की दवाखान्याच्या जिन्यातच निकाल लागतो: हिनं जपलं नाही. सातवा लागला तरी लोकलनं सीएसएमटीला जात होती. खड्ड्यांतून रिक्षानं आली. भरली कळशी उचलली. निकाल देणाऱ्यांत जावेपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे असतात. तिचा रक्तदाब किती होता, हे मात्र एकालाही ठाऊक नसतं.

37 आठवडे भरण्याआधीचा जन्म अकाली धरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली भारतात अशी सुमारे 30 लाख बाळं जन्मली, जगात सर्वांत जास्त. 30 लाख बायका एकाच वर्षी बेफिकीर झाल्या? रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, जुळं, आखूड गर्भाशयमुख, आधीचं अकाली बाळंतपण ही कारणं असतात, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. निरोगी गरोदर बाईला लोकलमध्ये बसून गेल्यानं कळा सुरू होतात, याला पुरावा नाही.

यावरचा घरगुती उपाय ठरलेला: पडून राहा. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात याचीही तपासणी झाली आहे. पडून राहायला सांगितलेल्या बायकांत 7.9 टक्के आणि बाकीच्यांत 8.5 टक्के अकाली प्रसूती, म्हणजे फरक नाहीच. उलट महिनोन्महिने खाटेवर राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका.

मग आधाराचा काही उपयोगच नाही का? आहे, पण बेतानं सांगायला हवा. जोखमीच्या गरोदर बायकांना घरभेटी, सोबत, सल्ला असा जादा आधार देणाऱ्या प्रयोगांचा कॉक्रेननं 2019 साली आढावा घेतला. हजारात 128 अकाली जन्मांचे 117 झाले, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो. सिझेरियन आणि गरोदरपणात दवाखान्यात भरती होणं मात्र कमी झालं. मुंबईच्या वस्त्यांत ‘स्नेहा’ संस्थेनं महिला गट चालवून पाहिले. 2012 साली निष्कर्ष आला की बाळांच्या जगण्यात सुधारणा दिसली नाही. झारखंड-ओडिशात तशाच गटांनी नवजात मृत्यू बरेच घटवले होते. म्हणजे बायका गोल करून बसल्या की झालं, असं नाही. कुठे बसल्या आणि तिथे कशाची उणीव होती, यावर सारं ठरतं.

पनवेलची उणीव शोधायची तर सकाळी कुणाच्याही मागच्या दारी जाऊन पाहा. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, तिची डबी, आणि दात घासत बसलेल्या सासू, जाऊ, सून. मशेरी! 2004 साली मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. सुनेला ‘सोड’ म्हणायचं आणि डबी आपल्या पदराला बांधायची, हा आधार नव्हे. सासूनं नऊ महिने डबी फेकली, तर तो आधार.

तालुक्यातल्या आणि आसपासच्या कातकरी वाड्यांवर प्रश्न आणखी अवघड. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि काम जोडीचं, हजार विटांच्या हिशेबानं. बाई बसली की जोडी मोडली. जड ओझी आणि तासन्तास उभं राहणं यांचा अकाली प्रसूतीशी थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो. पण तिला ‘आराम कर’ सांगणाऱ्यानं आधी तिच्या वाटच्या विटा कोण पाडणार ते सांगावं. आशाताईनं भट्टीवर जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून घेतलं, माता-बाल कार्ड सोबत दिलं, तर निदान धोका वेळेत कळतो.

बाकीचे गैरसमज चटकन उरकू.

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही? साफ उलटं, पोटातल्या प्रत्येक जादा आठवड्यागणिक फुप्फुसं पक्व होतात.

पपई? पिकलेली खुशाल खा, कच्ची टाळा.

डोहाळजेवण केलं की झालं? ओटी जरूर भरा, पण दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तिथे तिच्यासोबत कोण जातं?

काचेच्या पेटीखेरीज बाळ जगत नाही? प्रकृती स्थिर असलेल्या कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं हा मान्य उपचार आहे. आई थकली की बाबांनी धरावं.

कळा खोट्या असतील, सकाळी बघू? हा सगळ्यांत घातक. पाणी गेलं, रक्त दिसलं, पोट ठरावीक अंतरानं कडक होऊ लागलं, तर रात्री दोनलाही 108 लावा. 24 ते 34 आठवड्यांदरम्यान बाळंतपण येऊ घातलं असेल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि त्याचा पुरता असर व्हायला एखादा दिवस लागतो.