नाताळची सुटी आणि मित्राचे शेत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्यातल्या घराघरांत एक प्रश्न निघतो : नाताळात कुठे जायचं? मुलांना चार दिवस सुटी, कोर्ट बंद, थंडी कडाक्याची. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि ही सुटी इंग्रजी अमदानीत रुळली. त्या काळी सुशिक्षितांना एकत्र यायला हाच आठवडा मोकळा सापडे. काँग्रेसची अधिवेशने डिसेंबरअखेर भरत, ती त्यामुळेच. १८८५ चे पहिले अधिवेशन पुण्यातच व्हायचे होते. पटकीची साथ आली आणि ते मुंबईला गेले.

पण आपल्याला काही अधिवेशन भरवायचे नाही. एखादा जुना वर्गमित्र नगर रस्त्याला शिरूरकडे किंवा दौंड-बारामतीच्या बाजूला शेती करीत असेल, तर त्याच्याकडे जावे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. धावली ती पुणे आणि नगर यांच्या दरम्यानच. (नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र नगरच बसले आहे.) त्या बाजूच्या बऱ्याच गावांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. नाताळात त्यांच्या घरी करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा आपल्या दिवाळीसारखाच फराळ असतो, आणि देवळात पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने रंगतात. बोलावणे आले तर अवश्य जा.

शेतावर या दिवसांत खरे आकर्षण हुरड्याचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी ज्वारीचा दाणा आता दुधातून चिकात आलेला असतो. हिरवा, मऊ आणि गोड. ही गोडी फार दिवस टिकत नाही. साखरेचे पीठ होत जाते, दाणा टणक बनतो आणि मग त्याची भाकरीच करायची. भाकरीला मालदांडी नामांकित, तर हुरड्याला सुरती, गूळभेंडी अशी वाणे शेतकरी मुद्दाम चार सऱ्या वेगळी लावतो.

जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, ही आगटी. जाळ बसून निखारे झाले की कणसे त्यात खुपसायची आणि फिरवत राहायची. मग गरम असतानाच तळहातावर चोळायची. इथेच पुणेकराची परीक्षा! कणीस चोळताना आमचे हात पोळतात आणि मित्राची आई हसत हसत दहा कणसे चोळून मोकळी होते. सुपात पाखडलेला हुरडा, लसणीची चटणी, गुळाचा खडा आणि दही. वर लगेच पाणी पिऊ नका, असे जुनी माणसे बजावतात.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. एका वर्षी आम्ही अकरा जण आगाऊ न कळवता मित्राच्या शेतावर थडकलो. एका कणसाला जेमतेम मूठ-दोन मुठी हुरडा निघतो. आम्ही किती खुडली याचा हिशेब कुणी ठेवला? त्या वर्षी पाऊस कमी होता. खुडलेले प्रत्येक कणीस म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यातली भाकरी होती. मित्राने चकार शब्द काढला नाही. त्याच्या वडिलांनी तर निघताना पिशवीभर बोरे दिली. पुढे दोन वर्षांनी बोलता बोलता त्याच्या बायकोच्या तोंडून निसटले की त्या साली ज्वारी विकत घ्यावी लागली.

तेव्हापासून मी आधी फोन करून विचारतो, ‘यंदा पीक कसं आहे?’ उत्तर अडखळत आले तर हुरड्याचा विषय काढत नाही, नुसता भेटायला जातो. जाताना चहा, साखर, मुलांना वह्या नेतो. पैसे पुढे केले तर मित्राला राग येईल. आता पैसे घेऊन हुरडा देणारी कृषी पर्यटन केंद्रे पुण्याभोवती पुष्कळ झाली आहेत. तिथे हा संकोच नाही, पण तिथे मित्राची आईही नाही.

आणखी एक. मुलांना हौस असते बैलाला हिरवा पाला चारायची. ज्वारीच्या कापलेल्या धाटांना आलेले कोवळे फुटवे त्यांना तोडू देऊ नका. त्यात विष असते. जनावराला किराळ लागते आणि ते तासाभरात दगावू शकते. काय चारायचे ते आधी घरधन्याला विचारा. तो पेंडी सोडून कडबा हातात देईल.