पक्षाघातानंतरचे कागदपत्र : चिकित्सेचे एक दुर्लक्षित अंग

पक्षाघाताच्या रुग्णास स्नेहन, स्वेदन, बस्ती यांचा क्रम आपण काळजीपूर्वक आखून देतो. परंतु काल-परवापर्यंत घर चालविणारा माणूस एकाएकी अंथरुणास खिळल्यावर त्या घराची चूल कशी पेटते, हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रकात सहसा येत नाही.

काही वर्षांपूर्वी मिरकरवाडा बंदरातील एक खलाशी रुग्णालयातून घरी परतल्यावर पुढील उपचारांसाठी माझ्याकडे आला. उजवे अंग लुळे पडले होते. पत्नीने विचारले, "डॉक्टर, अपंगत्वाचा दाखला काढून ठेवू का?" मी म्हणालो, "वहिनी, इतक्यात कशाला? हात सुधारतो आहे." हात सुधारला, पण जाळे ओढण्याइतका नाही. अर्ज जवळजवळ वर्षभराने गेला. तोवर दागिने गहाण पडले होते. माझ्या आश्वासनाची किंमत त्या घराने मोजली.

दाखला मागणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सुधारणेस वाव असल्यास ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची व फेरतपासणीची सोय त्यात आहे. अर्ज 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करावयाचा असून आपल्याकडे तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. गरजू कुटुंबास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी हे अर्थसाहाय्य दरमहा २५०० रुपये आहे. रुग्ण शासकीय नोकर असल्यास निराशेने राजीनामा देऊ नये, हे आवर्जून सांगावे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यास काढता येत नाही. जुने काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत अन्य पद द्यावे, असे कलम २० सांगते.

आपले प्रमाणपत्र या कामी चालत नाही. ते अधिसूचित वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच द्यावे लागते. तथापि आपली नोंद पूरक पुरावा ठरू शकते. म्हणून व्याधी सुरू झाल्याची तारीख, बाधित अंग, वाणी, चालण्याची व स्वतःचे स्वतः उरकण्याची क्षमता ही प्रत्येक भेटीत लिहावी. रुग्णालयातील कागद जपून ठेवण्यास पहिल्याच भेटीत सांगावे. औषधालयचालकांनीही दिनांकित पावती द्यावी आणि अर्जास लागणाऱ्या कागदांची यादी दर्शनी भागात लावावी. महानारायण तेल नेण्यास येणारा नातेवाईक ती वाचेल.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्यास स्थान दिले आहे. रुग्णाला कूस देणारा आणि तहसीलच्या रांगेत उभा राहणारा तोच असतो. त्याची झोप, त्याचे जेवण, त्याची चिंता यांचीही विचारपूस व्हावी. रुग्णाचे दैन्य, रडू येणे, अबोला हे केवळ स्वभावदोष न मानता त्यांवर वेळीच उपचार करावेत.

तो खलाशी आज डाव्या हाताने जाळ्याच्या दुरुस्तीत मदत करतो. अनुदानही मिळते. ते वर्षभर आधी मिळू शकले असते. आता पक्षाघाताचा प्रत्येक रुग्ण आल्यावर औषधयोजनेखाली मी एक ओळ अधिक लिहितो : "दाखल्यासाठी अर्ज केला का?" वैद्यबंधूंनीही ती लिहावी, ही विनंती.